साठा, निशाण आणि शोकात्मिका

दक्षिण ध्रुवावर आमुनसेन १४ डिसेंबर १९११ रोजी पोहोचले, स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजी. दोघांचे वृत्तांत शेजारी ठेवले की लक्ष जाते ते वाटेवरच्या अन्नसाठ्यांकडे. आमुनसेन यांनी ८०, ८१ व ८२ अंशांवर आगाऊ साठे उभारले. हिमवादळात वाट चुकली तरी ते सापडावेत म्हणून प्रवासरेषेला काटकोनात निशाणांची रांग रोवली. स्कॉट यांचा मुख्य साठा ८० अंशांवर व्हायचा होता. तट्टे खचल्यामुळे, ओट्स यांचा विरोध असूनही, १७ फेब्रुवारी १९११ रोजी तो ७९ अंश २९ मिनिटांवरच ठेवला गेला. परतीचा शेवटचा तळ त्यापासून सुमारे वीस किलोमीटरांवर पडला. ठरल्या जागी असता तर साठा आधीच लागला असता.

अखेरच्या निवेदनात स्कॉट दोष नियोजनाला नव्हे, दुर्दैवाला देतात. समीक्षेने ही मांडणी फार सहज स्वीकारली, असे मला वाटते. शोकात्मिकेला दुर्दैव हवे असते; बिनचूक रोवलेल्या निशाणांना कथानक नसते. आमुनसेन यांच्या १९१२ च्या ग्रंथात संकटे येतात ती म्हणूनच कोरडेपणाने. चेरी-गॅरार्ड मात्र मार्च १९१२ मध्ये त्याच साठ्यापाशी कुत्र्यांसह थांबून परतले होते. त्यांच्या १९२२ च्या ग्रंथाला त्या अंतराचा हिशेब टाळता आलेला नाही.