दुसरं पिस्तूल

सॉफ्टवेअरवाल्याला 'बग' हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो. अमेरिकेतल्या बंदूकवाल्यांच्या बोलीत मात्र 'बग' ही जवळ असावी अशी गोष्ट आहे. बॅकअप गन, म्हणून बग. कमरेला एक पिस्तूल असतंच. ते अडकलं, रिकामं झालं, हातातून पडलं किंवा कुणी हिसकावून घेतलं, तर घोट्यापाशी किंवा खिशात लपवलेलं दुसरं, बहुधा लहानसं. पोलिसाकडे ते दिसलं तर तिथे कुणाला नवल वाटत नाही. वाद आहे तो साध्या नागरिकाबद्दल. दूध आणायला किंवा गाडीत पेट्रोल भरायला निघालेल्या माणसाने अंगावर दोन पिस्तुलं बाळगावीत का?

आपल्याकडे हा प्रश्न विनोदी वाटेल. एकाचा परवाना मिळेपर्यंत चपला झिजतात, दुसऱ्याचं काय घेऊन बसलात! पण या दुसऱ्या पिस्तुलाला तीनशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो बारकाईने पाहिला तर प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यातच सापडतं, असं मला वाटतं.

सुरुवात चाच्यांपासून करू. ब्लॅकबिअर्ड नावाने कुप्रसिद्ध असलेला एडवर्ड टीच १७१८ साली मारला गेला. त्यानंतर सहाच वर्षांनी, १७२४ मध्ये, चाच्यांच्या चरित्रांचं एक पुस्तक लंडनमध्ये निघालं. त्यात वर्णन आहे की लढाईच्या वेळी टीचच्या खांद्यावरच्या पट्ट्यात पिस्तुलांच्या तीन जोड्या लटकत असत. म्हणजे सहा पिस्तुलं. यात समोरच्याला घाबरवण्याचा भाग होताच, पण हिशोबही होता. तेव्हाचं पिस्तूल ठासणीचं. आधी दारू, मग गोळी, मग गजाने ठासायचं, वर रंजक टाकायची, एवढं केल्यावर एक बार. हलत्या जहाजाच्या डेकवर, समोरून तलवार येत असताना हे पुन्हा करायला वेळ कुठला? शिवाय समुद्रावरची हवा. दारू जरा दमट झाली की ठिणगी पडायची आणि पुढे काहीच नाही. 'फुसका बार' हा आपण राजकारण्यांसाठी वापरतो तो शब्दप्रयोग तेव्हा जीवनमरणाचा होता. म्हणून पिस्तुलं जोडीनेच विकली जात. दुसरं पिस्तूल म्हणजे खरं तर दुसरी गोळी, इतकंच.

एकोणिसाव्या शतकात हीच जोडी शहरी माणसाच्या कोटात शिरली. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरने तळहातात मावतील अशी एकबारी पिस्तुलं बनवली. तीसुद्धा बहुधा जोडीनेच विकली जात. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री फोर्ड थिएटरमध्ये जॉन विल्क्स बूथने अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली ती याच जातीच्या पिस्तुलातून. बार एकच होता, तो संपला. शेजारी बसलेले मेजर रॅथबोन झेपावले तेव्हा बूथने पिस्तूल टाकून सुरा काढला. ते पिस्तूल आज त्याच थिएटरच्या संग्रहालयात आहे.

सॅम्युअल कोल्टला रिव्हॉल्व्हरचं अमेरिकन पेटंट १८३६ साली मिळालं होतं. आता एका यंत्रात पाच-सहा गोळ्या मावत होत्या. मग दुसऱ्याची गरज संपायला हवी होती, पण तसं झालं नाही. सुरुवातीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये प्रत्येक खाचेत वेगळी दारू, वेगळी गोळी आणि मागे वेगळी टोपी बसवावी लागे. सहा गोळ्या काही सेकंदांत उडायच्या आणि भरायला मिनिटं लागायची. अमेरिकी यादवी युद्धात जॉन मॉस्बीचे घोडेस्वार म्हणूनच दोन-दोन रिव्हॉल्व्हर घेऊन फिरत. वाइल्ड बिल हिकॉकची प्रसिद्धीही कोल्ट नेव्हीच्या जोडीशी बांधलेली आहे. २ ऑगस्ट १८७६ रोजी डेडवुडच्या सलूनमध्ये पत्ते खेळत असताना एकाने मागून येऊन त्याच्या डोक्यात गोळी घातली. मागून येणाऱ्या गोळीपुढे एक काय, दोन काय!

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा, कारण आपलं 'वाइल्ड वेस्ट'चं ज्ञान टीव्हीवर लागणाऱ्या सिनेमांतून आलेलं आहे. त्या काळच्या प्रत्येक माणसाच्या कमरेला दोन पिस्तुलं लटकत होती, हे चित्र खोटं आहे. टेक्सासने १८७१ मध्येच पिस्तूल बाळगण्यावर कडक निर्बंध घातले. अ‍ॅरिझोनातल्या टूम्स्टोनमध्ये १८८१ साली गावात शस्त्र घेऊन फिरायलाच बंदी होती. २६ ऑक्टोबर १८८१ ची ओ.के. कोरालची सुप्रसिद्ध चकमक पेटली तीच मुळी अर्प बंधू समोरच्यांची शस्त्रं काढून घ्यायला गेले म्हणून. पुढे १९११ मध्ये न्यूयॉर्कने सुलिव्हन कायदा करून परवान्याशिवाय पिस्तूल बाळगणं गुन्हा ठरवलं. नागरिकाने दुसरं ठेवावं का, हा प्रश्न तेव्हा फारसा नव्हताच. पहिल्याचीच पंचाईत होती.

दुसरं पिस्तूल टिकून राहिलं ते पोलिसांकडे. विसाव्या शतकात जवळपास १९८० च्या दशकापर्यंत अमेरिकी पोलिसांचं नेहमीचं शस्त्र सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर होतं. धातूची काडतुसं आल्यामुळे भरणं सोपं झालं होतं, पण थरथरत्या हातांनी सहा काडतुसं एकेक करून बसवणं तरीही दिव्यच. १९६८ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांनी दुकानांवरच्या सशस्त्र दरोड्यांविरुद्ध एक 'स्टेकआउट युनिट' उभं केलं. दुकानाच्या मागच्या खोलीत लपून बसायचं आणि दरोडेखोर येण्याची वाट पाहायची. जिम सिरिलो हे त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव. ही माणसं एकापेक्षा जास्त शस्त्रं घेऊनच बसत. पहिलं रिकामं झालं की ते भरत बसायचं नाही, दुसरं काढायचं. या युक्तीला 'न्यूयॉर्क रीलोड' हे नाव पडलं आणि आजही तेच चालतं. गंमत अशी की ज्या शहरात सामान्य माणसाला एक पिस्तूलही बाळगणं जवळपास अशक्य होतं, त्याच शहराचं नाव दोन पिस्तुलांच्या युक्तीला मिळालं.

१९७० च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात न्यूहॉलजवळ एका मध्यरात्री दोन गुन्हेगारांनी महामार्ग पोलिसांच्या चार अधिकाऱ्यांना काही मिनिटांत ठार केलं. त्यातला एक जण रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसं भरत असतानाच मारला गेला. त्यानंतर तिथल्या पोलिसांना एकदम सहा काडतुसं बसवणारी साधनं देण्यात आली.

आणि मग मायामी. दुसऱ्या पिस्तुलाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा सगळ्यात भक्कम पुरावा, म्हणून तो नीट पाहू.

११ एप्रिल १९८६ च्या सकाळी एफबीआयच्या आठ एजंटांनी मायकल प्लॅट आणि विल्यम मॅटिक्स या दोन बँक-दरोडेखोरांची गाडी अडवली. गाड्या एकमेकांवर आदळल्या. त्या धडकेत रिचर्ड मॅनाउझी या एजंटचं बाहेर काढून ठेवलेलं रिव्हॉल्व्हर कुठल्या कुठे गेलं. जॉन हॅनलनचंही तेच झालं, पण त्याच्या घोट्यापाशी पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर होतं. तो तेच घेऊन धावला, ते रिकामं केलं आणि पुन्हा भरताना त्याच्या हाताला गोळी लागली. गॉर्डन मॅकनीलचा हात इतका जखमी झाला की त्याला स्वतःचं रिव्हॉल्व्हर भरता येईना. जेरी डोव्हच्या पिस्तुलालाच गोळी लागून ते निकामी झालं. डोव्ह आणि बेंजामिन ग्रोगन हे दोघे मारले गेले, पाच जण जखमी झाले. शेवट केला एडमंडो मिरेलेसने. एक हात निकामी झालेला असताना त्याने दुसऱ्या हाताने शॉटगन चालवली आणि ती रिकामी झाल्यावर रिव्हॉल्व्हर काढून दोघांना संपवलं. हे सगळं पाच मिनिटांच्या आत घडलं.

एकाच चकमकीत शस्त्र हरवलं, मोडलं, रिकामं झालं आणि भरता आलं नाही. कागदावर मांडता येतील तितके सगळे बिघाड एकाच गल्लीत उभे राहिले आणि दुसऱ्या शस्त्राने खरोखर काम केलं. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण मायामीनंतर काय झालं तेही पाहा. अमेरिकी पोलिसांनी झपाट्याने रिव्हॉल्व्हर सोडून सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं घेतली. न्यूयॉर्क पोलिसांनी १९९३ मध्ये ती मंजूर केली. ग्लॉक १७ मध्ये सतरा गोळ्या राहतात, आणि रिकामं मॅगझिन काढून भरलेलं बसवायला सराव असेल तर दोन-तीन सेकंद पुरतात. ज्या संथपणामुळे चाच्याने सहा पिस्तुलं लटकवली तो संथपणाच संपला. आणि नेमकं याच काळात दुसरं पिस्तूल नागरिकाच्या घोट्यापर्यंत पोहोचलं.

कारण कायदे बदलत होते. १९८७ मध्ये फ्लोरिडाने ठरवलं की ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्याला लपवून पिस्तूल बाळगण्याचा परवाना द्यायलाच हवा. मग राज्यामागून राज्यं त्याच वाटेने गेली. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ब्रुएन खटल्यात न्यूयॉर्कच्या त्या जुन्या कायद्यातली 'योग्य कारण दाखवा' ही अट रद्द केली. २०२४ पर्यंत २९ राज्यांत तर परवान्याचीही गरज उरली नाही. सोबत बाजारही आला. १९९५ मध्ये ग्लॉक २६ आणि २००८ मध्ये रुगरचं एलसीपी निघालं, खिशात मावेल असं. विकणाऱ्याला दुसरं विकायचंच असतं. त्यासाठी एक म्हण तयारच आहे: दोन म्हणजे एक आणि एक म्हणजे शून्य.

ही म्हण ऐकली की माझ्यातला इंजिनिअर जागा होतो, कारण आमच्या कामातही हेच शिकवतात. सर्व्हर एक असेल तर तो कधीतरी पडणारच, म्हणून दुसरा ठेवा. पण त्याच्यापुढचं वाक्य बंदुकीच्या दुकानात कुणी सांगत नाही. दुसरा उपयोगी पडतो तो दोघांचे बिघाड एकमेकांपासून वेगळे असतील तरच. दोन्ही सर्व्हर एकाच बोर्डावर असतील तर फ्यूज उडाल्यावर दोन्ही जाणार. जुलै १९८९ मध्ये अमेरिकेत सू सिटीला कोसळलेल्या डीसी-१० विमानात एक नाही, तीन हायड्रॉलिक यंत्रणा होत्या. शेपटीतल्या इंजिनाचा पंखा फुटला आणि तिन्ही एकदम गेल्या, कारण तिन्हींच्या नळ्या तिथून जात होत्या.

दोन पिस्तुलांची नळी कुठून जाते? त्यांना बाळगणाऱ्या माणसातून. तो घाबरला, त्याने चुकीच्या माणसाला हल्लेखोर समजलं, गर्दीत बार काढला, तर दुसरं पिस्तूल यातलं काहीच दुरुस्त करत नाही. ते फक्त यंत्राचा बिघाड झाकतं, आणि यंत्र तर आता सगळ्यात भरवशाचा भाग आहे. शिवाय हॅनलन त्या गल्लीत थांबला कारण थांबणं ही त्याची नोकरी होती. त्याला दरोडेखोरांना पकडायचं होतं. नागरिकाला कुणाला पकडायचं नसतं. त्याला तिथून सुटायचं असतं. ज्या प्रसंगात एक भरलेलं पिस्तूल पुरत नाही तिथून पळ काढायला तो मोकळा आहे.

दुसऱ्या बाजूचे सगळेच मुद्दे मी उडवून लावत नाही. गाडीत पट्टा लावून बसलेल्या माणसाचा हात कमरेपेक्षा घोट्याकडे लवकर जातो, हे खरं. उजव्या हाताला जखम झाली तर डाव्या खिशातलं कामी येईल, हेही खरं. पण हे फायदे आयुष्यात कदाचित एकदाही न येणाऱ्या पाच मिनिटांसाठी आहेत. बाकीचे दिवस ते दुसरं पिस्तूल कुठेतरी ठेवलेलं असतं. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. घोट्यावरून काढून ड्रॉवरमध्ये ठेवलेलं लहान पिस्तूल माझ्या मते या आकड्याच्या जास्त जवळ आहे, मायामीच्या कमी.

आपल्या संसदेतही दुसऱ्या बंदुकीचा विषय येऊन गेला आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने एका व्यक्तीला तीनपर्यंत बंदुका ठेवता येत. २०१९ मध्ये सरकारने ही मर्यादा थेट एकावर आणायचं विधेयक मांडलं आणि शेवटी मंजूर झाल्या त्या दोन, वारशाने आलेली धरूनही. तिसरी जमा करायला वर्षभराची मुदत होती. त्यात अंगावर किती घेऊन फिरावं हा मुद्दा नव्हता, मोजणी मालकीची होती.

हे सगळं मी खणत बसलो त्याला कारण माझा एक कॉलेजमित्र. तो डॅलसजवळ राहतो. एच-वन-बी व्हिसावर असलेल्याला तिथे सहसा बंदूक विकत घेता येत नाही. शिकारीचा परवाना काढला तर घेता येते, आणि तशी वाट काढणारे असतात. याने ग्रीन कार्ड येईपर्यंत धीर धरला आणि मग एक पिस्तूल घेतलं. आता दुकानदार त्याला घोट्याला बांधायचं दुसरं सुचवतोय. त्याने मला विचारलं, "तू डिझास्टर रिकव्हरीचं काम करतोस ना, तुझं काय म्हणणं?"

मी त्याला सू सिटीचं विमान सांगितलं, हॅनलनही सांगितला. मग विचारलं की पहिल्यावर सराव किती झाला? रेंजवर चार वेळा गेला होता, गेल्या वर्षी. त्याची मुलगी चार वर्षांची आहे आणि हल्ली खुर्चीवर चढून सगळी कपाटं उघडते. पलंगाशेजारी बोटाच्या ठशाने उघडणारी छोटी तिजोरी आहे, तिच्यात एकच पिस्तूल मावतं. दुसरं घेतलं तर ते कुठे ठेवणार, असं मी विचारलं. तो म्हणाला, "बघतो." अजून घेतलेलं नाही.