अंगठा, साक्षीदार आणि परमुलखातला पैसा

मालवणच्या उत्तरेला तोंडवली हे किनाऱ्यावरचे गाव आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मध्ये माडांची वाळूची पट्टी. अशा गावात जमिनीचा तुकडा लहान आणि खाणारी तोंडे फार. म्हणून या किनाऱ्यावरचा कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत, गोदीत, बोटीवर किंवा पलटणीत गेला. चूल मात्र गावात राहिली. 'कोकण मनिऑर्डरीवर जगते' हे वाक्य यातूनच आले. पण ती मनिऑर्डर कुणाच्या हातातून, कुणाच्या डोळ्यांखालून आणि कुणाच्या साक्षीने घरात येत होती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ज्यांना गावाच्या कडेला ठेवले गेले, त्यांच्या दृष्टीने तोच मूळ प्रश्न आहे.

पाव आण्याचे पोस्टकार्ड १८७९ साली आले. १८८० साली मनिऑर्डरीचे काम टपाल खात्याकडे आले आणि १८८२ साली टपाल खात्याची बचत बँक निघाली. या तीन सोयींनी दूर गेलेला माणूस घराशी बांधला गेला, यात शंका नाही. इंग्रजी कायद्याने टपाल सर्वांसाठी खुले होते. परंतु कायदा पोस्टाच्या पेटीपर्यंत येतो. पेटीपासून चुलीपर्यंतचे अंतर गावाच्या रीतीने कापावे लागते. पोस्टकार्ड स्वस्त, पण उघडे. वाटेतल्या कुणीही ते वाचावे. खेड्यातले टपाल पुष्कळदा शाळामास्तरच्या किंवा दुकानदाराच्या ओटीवर चाले. ज्याला ती ओटी चढण्याची मनाई, त्याने आपले पत्र कुठे उभे राहून मागावे? आणि मनिऑर्डर घेणारी बाई निरक्षर असेल तर तिचा अंगठा पुरत नसे. साक्षीदाराची सही लागे. सही करता येणारा साक्षीदार कोण, तर बहुधा ज्याच्या वहीत तिचे देणे मांडलेले तोच! मुलाने किती रुपये धाडले हे आईच्या आधी सावकाराला कळे. अक्षर नव्हते म्हणून पैशावरचा ताबाही नव्हता.

यातून बाहेर पडण्याची पहिली वाट पलटणीने दाखवली. पलटणीत महार शिपायाला अक्षरओळख झाली, पगार मिळाला आणि पुढे पेन्शन मिळाली. गोपाळबाबा वलंगकर हे असेच पेन्शनर. त्यांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसक' लिहिले, आणि महारांची लष्करभरती बंद झाल्यावर सरकारकडे अर्ज करणाऱ्यांत ते पुढे होते. सुभेदार रामजी सकपाळही पेन्शन घेऊन काही काळ दापोलीस राहिले. ज्या घरात पत्र घरच्याच माणसाने वाचले, त्या घरातून अर्ज निघाला, पुस्तक निघाले. हा योगायोग नव्हे.

रामजींचा मुलगा समुद्रापार गेला तेव्हा या प्रश्नाचे दुसरे टोक दिसले. १९१३ साली भीमराव न्यूयॉर्कला गेले ते बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. १९२० साली ते पुन्हा लंडनला निघाले, ते सिडनहॅम कॉलेजातील नोकरीत साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर. रमाबाई मुंबईत घर सांभाळत होत्या. आता पैसा रुपयात होता आणि खर्च पौंडात. १९२० च्या आरंभी रुपया चढलेला होता. सरकारने त्याचा भाव सोन्याच्या दोन शिलिंगांवर बांधण्याचा प्रयत्न केला. तो त्याच वर्षी सोडून द्यावा लागला, आणि १९२१ साली रुपया १ शिलिंग ४ पेन्सांच्या आसपास, कधी त्याखालीही उतरला. हिशेब साधा आहे. दोन शिलिंगांच्या भावाने एक पौंड दहा रुपयांस पडतो. १ शिलिंग ४ पेन्सांच्या भावाने पंधरा रुपयांस. खानावळ तीच, फी तीच. पण मुंबईहून जाणारे पाच हजार रुपये पाचशे पौंडांचे तीनशे तेहतीस पौंड होतात. हा निर्णय दिल्ली-लंडनच्या दप्तरांत झाला, भोगला मात्र अर्धपोटी विद्यार्थ्याने.

बाबासाहेब त्या वेळी ज्या विषयावर प्रबंध लिहीत होते तो विषय रुपयाचाच होता. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ च्या अखेरीस लंडनमध्ये निघाला. पुढे १९२५ साली चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. ज्या समाजाच्या आयाबायांना पाच रुपये घेण्यासाठी दुसऱ्याची साक्ष लागत होती, त्या समाजाचा माणूस साऱ्या देशाच्या रुपयाबद्दल साक्ष देऊ लागला. १९२३ च्याच ऑगस्टमध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. पाणवठे, शाळा, दवाखाने यांबरोबर सार्वजनिक कचेऱ्याही अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे त्यात होते. कचेरीची पायरी आणि कागदावरचे अक्षर, ही एकाच लढ्याची दोन अंगे होती.

आता काळ बदलला. किनाऱ्यावरचे तरुण आखातात गेले, बोटींवर गेले. टपाल खात्याने २०१५ साली जुनी कागदी मनिऑर्डर बंद केली. आज पैसा क्षणात येतो. पण मधला माणूस गेला का? परदेशी नोकरीला गेलेल्याने आपले साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यायचे असते, हे त्याला कोण सांगतो? बँकेचा सांकेतिक आकडा येतो तो गावातल्या जुन्या सिमकार्डावर. ते बंद पडले की खाते असून हात बांधलेले. बँकेची पत्रे बंद घराच्या दारात पडतात. दोन वर्षे व्यवहार नसेल तर खाते निष्क्रिय ठरते, आणि दहा वर्षे दावा नसेल तर ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ती परत मागता येते, पण मागणार कोण? ज्या बायकोला, ज्या आईला खाते कुठे आहे हेच सांगितलेले नाही, ती?

अंगठ्याच्या जागी आकडा आला. साक्षीदाराच्या जागी फोन हाती असलेला भाचा किंवा दलाल आला. परावलंबन तेच. म्हणून परमुलखात जाणाऱ्या आपल्या माणसाने पैसे धाडण्याआधी एवढे करावे: खात्याला वारस लावावा, पासबुक घरच्या बाईच्या हाती द्यावे आणि ते तिला वाचायला शिकवावे. आपल्या घामाच्या पैशाला दुसऱ्याची साक्ष लागू नये, हे आपल्या आज्यांनी ओटीखाली उभे राहून सोसलेल्या अपमानाचे खरे उत्तर आहे.