संरक्षण यंत्रणा : एका संकल्पनेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
अपयश, अपराधभाव किंवा भीती यांना सामोरे जाताना व्यक्ती नकळत सबबी शोधते, दोष इतरांवर ढकलते किंवा वास्तवच नाकारते. मानसशास्त्रात यांना संरक्षण यंत्रणा म्हणतात. त्या आजाराचे लक्षण की समायोजनाचे साधन, या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलत गेले. प्रस्तुत लेखात या बदलाचा आढावा घेतला आहे.

उगम :
सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९४ च्या लेखात असह्य विचारांपासून मन स्वतःचा बचाव करते, ही कल्पना मनोविकारांच्या संदर्भात मांडली. पुढे त्यांच्या लेखनात 'दमन' हीच संज्ञा प्रधान राहिली. १९२६ मध्ये त्यांनी 'संरक्षण' ही व्यापक संज्ञा पुन्हा स्वीकारून दमन हा तिचा एक प्रकार ठरविला. चिंता ही धोक्याची सूचना असून तिच्यामुळे संरक्षण कार्यान्वित होते, असे त्यांनी प्रतिपादन केले.

प्रेरणेचा विचार :
अ‍ॅना फ्रॉइड यांनी १९३६ च्या ग्रंथात या यंत्रणांची पद्धतशीर मांडणी केली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, संरक्षणामागील प्रेरणा त्यांनी वेगळ्या केल्या : सदसद्विवेकाचा धाक, बाह्य जगाचे भय आणि स्वतःच्याच सहजप्रवृत्तींच्या प्रबळतेची भीती. वर्तन सारखे दिसले तरी त्यामागील भय भिन्न असू शकते, हे यातून स्पष्ट झाले.

व्यक्तिमत्त्वाचा विचार :
हार्वर्ड विद्यापीठात १९३८ मध्ये सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासाच्या आधारे जॉर्ज व्हेलंट यांनी १९७७ मध्ये संरक्षण यंत्रणांची परिपक्वतेनुसार चार स्तरांत विभागणी केली. प्रक्षेपण अपरिपक्व, तर विनोद व उदात्तीकरण परिपक्व ठरले. परिपक्व यंत्रणा वापरणाऱ्यांचे काम व नातेसंबंध अधिक समाधानकारक आढळले. मात्र हे सर्व एकाच नामांकित संस्थेत शिकलेले पुरुष होते. त्यामुळे हे निष्कर्ष सर्व समाजांना सरसकट लागू करणे योग्य नाही. १९८४ मध्ये लॅझारस व फोकमन यांनी ताणाशी सामना करण्याच्या प्रयत्नांत परिस्थितीच्या मूल्यमापनास मध्यवर्ती स्थान दिले. त्यामुळे केवळ व्यक्तीच्या स्वभावावर बोट ठेवण्याची वृत्तीही मर्यादित झाली.

निष्कर्ष :
संरक्षण यंत्रणेची निवड व्यक्तिमत्त्वाशी निगडित असते; तिची गरज मात्र भयातून निर्माण होते. म्हणून सबब सांगणाऱ्या विद्यार्थ्यास खोटारडा ठरविण्यापूर्वी तो कशाला भितो, हे शिक्षकाने जाणून घेणे आवश्यक ठरते. ते भय वर्गातूनच उद्भवत असेल, तर बदल प्रथम वर्गात व्हावयास हवा.