बांगडा खाल्ला आणि अंगावर चट्टे उठले? ती ॲलर्जीच असेल असं नाही

बांगड्याचं कालवण जेवून अर्धा तास होत नाही तोच चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, अंगावर चट्टे उठतात. 'मला बांगडा चालत नाही' म्हणत काही जण तो कायमचा सोडतात. पण खरं कारण मासा बर्फाविना पडून राहिला, हेही असू शकतं.

नेमकं काय होतं?

बांगडा, सुरमई, कुपा, तारली या माशांत हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. माशाच्या कल्ल्यांत आणि आतड्यांत जीवाणू असतातच. मेलेला मासा गरम हवेत राहिला की ते झपाट्याने वाढतात आणि हिस्टिडीनचं हिस्टामिन करतात. ॲलर्जीत आपलं शरीरही हेच रसायन सोडतं, म्हणून लक्षणं सारखी दिसतात. एकाच मासा खाल्लेल्या अनेकांना त्रास झाला, तर हिस्टामिनचा संशय बळावतो.

शिजवल्यावर धोका टळतो का?

जीवाणू मरतात, पण तयार झालेलं हिस्टामिन तळून, उकळून किंवा गोठवून जात नाही. माशाला वास येत नसला तरी ते असू शकतं.

मग शिजवण्याचा उपयोग काय?

इतर जीवाणूंसाठी तो मोठा आहे. 1950 मध्ये जपानच्या ओसाका भागात अर्धवट सुकवलेले छोटे मासे खाऊन 272 जण आजारी पडले, 20 दगावले. त्या तपासात व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा समुद्राच्या पाण्यात राहणारा जीवाणू सापडला. मासा नीट शिजवला की तो मरतो. मात्र मासे कापलेल्या विळीवरच कोशिंबीर चिरली, तर तो पुन्हा ताटात येतो.

काय काळजी घ्याल?

- बर्फात ठेवलेलाच मासा घ्या. कल्ले लालभडक, डोळे फुगीर आणि मांस घट्ट हवं.
- बाजारात मासे सगळ्यात शेवटी घ्या. घर लांब असेल तर सोबत बर्फ मागून घ्या.
- घरी येताच साफ करून 4 अंश सेल्सिअसच्या खाली ठेवा.
- गोठवलेला मासा ओट्यावर नको, फ्रीजमध्येच वितळू द्या.
- विळी, पाट आणि हात साबणाने धुवा.

चट्टे उठले तर कोणता मासा खाल्ला ते डॉक्टरांना सांगा. श्वास लागला किंवा चक्कर आली, तर कारण शोधत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा.