रडू द्यावे की उचलून घ्यावे?

मध्यरात्री तान्हे रडू लागते आणि थकलेल्या आईबापांपुढे हा प्रश्न उभा राहतो. त्याच्या उत्तरांचाही इतिहास आहे.

१८९४ साली न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ एमेट होल्ट यांनी बालसंगोपनावर प्रश्नोत्तररूपी पुस्तिका काढली. मूळ ती रुग्णालयात शिकणाऱ्या दायांसाठी होती. पुढे घरोघरी गेली. भूक वा दुखणे नसल्यास बाळाला रडून झोपू द्यावे, असे तीत सांगितले होते.

१९२८ साली वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन त्याहून पुढे गेले. फारच वाटले तर रात्री कपाळावर एक मुका घ्यावा, सकाळी मात्र हस्तांदोलन करावे, हा त्यांचा दंडक!

१९४६ साली बेंजामिन स्पॉक यांनी मातांना स्वतःवर विश्वास ठेवण्यास सांगितले. परंतु झोपेला हट्टाने नकार देणाऱ्या बाळाला रडू देण्याचा सल्ला त्यांनीही दिलाच. १९८५ साली बोस्टनच्या रिचर्ड फर्बर यांनी मध्यममार्ग सुचवला : बाळाकडे जावे, पण प्रत्येक खेपेचे अंतर वाढवीत न्यावे.

या साऱ्या उपदेशांत एक गृहीतक समान आहे : बाळ आईपासून दूर, आपल्या पाळण्यात एकटे झोपते. जिथे ते आईच्या कुशीत निजते, तिथे हा प्रश्न या रूपात पडलाच नसता.