नॉर्वेजियन समास : आघात आणि अक्षरविभागणी

नॉर्वेजियन भाषेत समास जोडूनच लिहितात आणि या जोडणीची खूण उच्चारातही सापडते. मुख्य आघात साधारणपणे पहिल्या घटकावर पडतो. दुसऱ्यावर दुय्यम आघात राहतो, पण त्यातला दीर्घ स्वर आखूड होत नाही. ‘नॉर्स्क लॅरर’ असे दोन शब्दांवर दोन आघात देऊन म्हटले, तर तो नॉर्वेचा शिक्षक. ‘नॉर्स्कलॅरर’ असे एका मुख्य आघातात म्हटले, तर तो नॉर्वेजियन भाषा शिकवणारा. मग तो पुण्याचा का असेना.

लिहिताना मात्र समास तोडण्याची चूक सर्रास होते. तिला ‘सॅरस्क्रीव्हिंग’ म्हणतात. तिची टर उडवणे हा भाषाप्रेमींचा आवडता उद्योग, कारण नमुने मासलेवाईक असतात. ‘लामेलोर’ म्हणजे कोकराची तंगडी. ‘लामे लोर’ म्हणजे लुळ्या मांड्या. ‘रॉइकफ्रित’ म्हणजे धूम्रपानमुक्त. तोच शब्द पाटीवर तोडून लिहिला की ‘खुशाल ओढा’!

ओळीच्या शेवटी शब्द मोडायचा तर साध्या शब्दात एक व्यंजन पुढच्या ओळीत जाते. समास मात्र सांध्यावरच मोडतो. ‘मातओल्ये’ (खाण्याचे तेल) हा ‘मात-ओल्ये’ असा मोडायचा, ‘मा-तोल्ये’ असा नव्हे. घटकांना जोडणारा ‘ए’ किंवा ‘स’ पहिल्या घटकाकडे राहतो : ‘हुन’ (कुत्रा) आणि ‘हूस’ (घर) यांचे ‘हुनेहूस’ होते, पण विभागणी ‘हुने-हूस’.

खरी गंमत तिहेरी व्यंजनात आहे. ‘नात’ (रात्र) या शब्दाच्या रोमन लेखनात शेवटी दोन ‘टी’, ‘तोग’च्या (आगगाडी) सुरुवातीला एक. एकच अक्षर लागोपाठ तीनदा लिहीत नाहीत, म्हणून रात्रीच्या गाडीच्या नावातला एक ‘टी’ गळतो. पण शब्द दोन ओळींत विभागला, की तो हजर होतो. ‘बुस’ आणि ‘स्टॉप’ यांच्या समासात ‘एस’ असाच गळतो. सांधा ठाऊक नसलेल्याला तिथे बसथांब्याऐवजी ‘बुस-टॉप’, म्हणजे बसचे टोक दिसेल.

पूर्व नॉर्वेत आघाताला सुराचीही जोड असते आणि समासभर एकच सूर चालतो. फिनमार्कच्या बऱ्याच भागात मात्र सूरभेद नाही.

काही स्थलनामे आघाताचा नियम मोडतात. चौथ्या क्रिस्तियान राजाने 1641 मध्ये वसवलेले क्रिस्तियानसान आणि सहाव्या क्रिस्तियानचे नाव 1742 मध्ये मिळालेले क्रिस्तियानसुन, दोन्हींत आघात शेवटच्या घटकावर. नावांतला फरकही तिथेच आहे. तरी घोटाळा होई, म्हणून टपालात पहिल्यापुढे दक्षिणेचे ‘एस’ आणि दुसऱ्यापुढे उत्तरेचे ‘एन’ लिहीत.