एका शिलिंगाचा घोडा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या गिरण्या-कारखान्यांत एक ठरलेली असामी असायची. तो माणूस कामगारच, पण फावल्या वेळात बुकीचा दलाल. जेवणाच्या सुट्टीत तो सोबत्यांच्या चिठ्ठ्या आणि नाणी गोळा करी. त्याच्याकडे एक छोटी पिशवी असे आणि तिच्या तोंडाशी कुलपासोबत घड्याळ बसवलेलं असे. पिशवी एकदा बंद केली की बंद केल्याची वेळ त्या घड्याळात अडकून पडायची. शर्यत संपल्यावर, निकाल कानावर आल्यावर कुणी हळूच चिठ्ठी सरकवू नये, म्हणून बुकीने केलेला हा बंदोबस्त. चिठ्ठीवर घोड्याचं नाव, रक्कम आणि लावणाऱ्याचं टोपणनाव एवढंच लिहिलेलं असे. खरं नाव लिहायची सोय नव्हती, कारण चिठ्ठ्या पोलिसांच्या हाती लागल्या तर पंचाईत.

वर्षभर हे काम बेताबेताने चाले. लिव्हरपूलजवळच्या एनट्रीच्या मैदानावर ग्रँड नॅशनल ही घोड्यांची अडथळ्यांची शर्यत धावायची वेळ आली, की मात्र एरवी घोड्याच्या वाटेलाही न जाणारे लोक या माणसाला शोधत येत. गिरणीतल्या बाया, दुकानदार, रविवारी चर्चमध्ये जुगाराविरुद्ध प्रवचन ऐकून आलेले पापभीरू गृहस्थ, सगळेच. वर्षाकाठी एकच पैज, आणि तीही या शर्यतीवर. इंग्लंडमध्ये हा रिवाज आजही टिकून आहे.

रिवाज एवढा रुजलेला, पण कायदा मात्र त्याच्या विरोधात होता. १८५३ साली ब्रिटिश संसदेने रोखीने पैजा घेणारी दुकानं बंद पाडली. १९०६ च्या कायद्याने रस्त्यावर पैज घेणंही गुन्हा ठरवलं. पहिल्या खेपेला दहा पौंडांपर्यंत दंड, दुसऱ्यांदा वीस, आणि तिसऱ्यांदा सापडल्यास तुरुंगाचीही शक्यता. मैदानावर जाऊन बुकीशी पैज लावायला मात्र हरकत नव्हती, आणि उधारीवर लावायलाही नव्हती. म्हणजे ज्याचं बँकेत खातं आहे, बुकीकडे पत आहे, त्याने क्लबात बसून शंभर पौंड लावले तर तो शौक. शनिवारचा पगार खिशात घेऊन निघालेल्या कामगाराने कोपऱ्यावर एक शिलिंग लावला तर तो गुन्ह्याचा धंदा. जुगारविरोधी संघ १८९० मध्येच उभा राहिला होता, आणि यॉर्कच्या कोको कारखानदार घराण्यातल्या सीबोम राउंट्रीने १९०५ साली या ‘राष्ट्रीय अनिष्टा’वर लेखांचं पुस्तकही संपादित केलं. या मंडळींची कळकळ खोटी नव्हती. पगार उडवणाऱ्याच्या घरी मुलं उपाशी निजत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. पण कायद्याची काठी पडली ती फक्त गल्लीतल्या पाठीवर. तीही पुष्कळदा ठरवून पडायची. पोलिसांनी धाड घालायची, बुकीने एखादा माणूस अटकेसाठी पुढे करायचा, दंड बुकीनेच भरायचा आणि दुसऱ्या दिवशी धंदा पुन्हा सुरू.

मुंबईकराला यात काही नवल वाटणार नाही. मुंबई इलाख्याचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर परवानाधारक बुकीकडे किंवा टोटवर पैसे लावणं कायदेशीर आणि तेच पैसे गल्लीतल्या बुकीच्या हातावर ठेवले तर गुन्हा, ही विभागणी आपल्याकडे अजून चालूच आहे.

अडथळ्यांच्या शर्यतीचं आणि पैजेचं नातं मात्र कायद्याहून जुनं. १७५२ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात ओकॅलहन आणि ब्लेक या दोघांनी पैज मारली : बटव्हन्टच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत कोण आधी पोचतो. दूरवर दिसणाऱ्या मनोऱ्याच्या रोखाने मधली शेतं, दगडी बांध, ओहोळ तुडवत सुमारे चार मैल घोडे दामटायचे. असल्या आडरानातल्या शर्यतींना मैदानात आणून बसवलं ते लिव्हरपूलच्या वॉटर्लू हॉटेलचा मालक विल्यम लिन याने. १८३६ साली त्याने एनट्रीला अडथळ्यांची शर्यत भरवली. गावात पाहुणे आले की हॉटेल भरतं, हा त्याचा सरळ हिशेब. १८३९ ची शर्यत ही पहिली ग्रँड नॅशनल मानतात, जरी ते नाव पुढे काही वर्षांनी पडलं. सतरा घोडे धावले. कॅप्टन बीचर नावाचा स्वार घोड्यावरून उडून ओढ्यात पडला आणि बाकीचे घोडे वरून उड्या मारून जाईपर्यंत पाण्यात दबून राहिला. तो ओढा आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. जिंकला तो पैसे लावणाऱ्यांचा लाडका, फेवरिट घोडा. त्याचं नाव होतं लॉटरी.

हा लॉटरी इतका तेज निघाला, की काही ठिकाणी ‘लॉटरी सोडून कोणताही घोडा’ अशी अटच घालावी लागली. एकाच घोड्याची मक्तेदारी झाली तर दुसऱ्यावर पैसे लावणार कोण? १८४३ पासून एनट्रीची शर्यत हँडिकॅप झाली. घोडा जितका चांगला, तितकं जास्त वजन त्याच्या पाठीवर. हँडिकॅपरचं काम कागदावर सगळ्या घोड्यांना एका रेषेत आणून पोचवण्याचं. नॅशनलच्या जुगाराचं मर्म इथे आहे. एक तर वजनांनी बरोबरी केलेली, त्यावर चार मैलांहून लांब पल्ला, तीस उड्या, आणि मोकाट सुटलेल्या घोड्यांची भर. जाणत्याचं सगळं ज्ञान अर्ध्या वाटेवर पाण्यात जाऊ शकतं आणि मग शंभर शर्यतींचा हिशेब ठेवणारा आणि घोड्याचं नाव आवडलं म्हणून शिलिंग लावणारी आजी, दोघं एकाच पायरीवर येतात.

हे १९२८ मध्ये जगाने पाहिलं. बेचाळीस घोडे सुटले. कालव्याजवळच्या वळणावरच्या अडथळ्यावर ईस्टर हीरो चढून अडकला आणि मागून येणाऱ्यांचा खच पडला. शेवटच्या अडथळ्याशी दोनच घोडे उरले, आणि तिथे बिली बार्टनही पडला. उभा राहिला टिपररी टिम. श्वास घेता यावा म्हणून गळ्यात नळी बसवलेला घोडा, पाठीवर हौशी स्वार, भाव एकास शंभर. बाकीचे सगळे पडले तरच तू जिंकशील, असं त्या स्वाराला मित्राने निघताना म्हटल्याचं सांगतात, आणि अक्षरशः तेच झालं. पडलेल्या बिली बार्टनवर पुन्हा स्वार होऊन आलेल्या जॉकीने दुसरा क्रमांक घेतला. शर्यत पुरी करणारे एवढे दोघेच. पुढच्याच वर्षी विक्रमी सहासष्ट घोडे धावले आणि पुन्हा एकास शंभरवालाच, ग्रेगॅलाक, पहिला आला. बुकींनी त्या दोन वर्षांत किती मेजवान्या झोडल्या असतील, याची कल्पना केलेली बरी.

बुकींचे धाबे दणाणले ते एका भल्या घोड्यामुळे. गोल्डन मिलर १९३४ मध्ये चेल्टनमचा गोल्ड कप आणि नॅशनल दोन्ही जिंकला. मालकीण डॉरथी पॅजेट, गडगंज श्रीमंत आणि तितकीच लहरी. दिवसा झोपायची, रात्री जागायची. तिचा बुकी संपून गेलेल्या शर्यतींवरही तिच्या पैजा घेत असे, कारण निकाल न विचारता ती प्रामाणिकपणे लावते अशी त्याची खात्री होती. आणि बहुतेक वेळा ती हरतही असे. १९३५ मध्ये तिचा घोडा एकास दोन अशा भावाने निघाला. नॅशनलच्या इतिहासात इतका कमी भाव आजवर कुणाला मिळालेला नाही. पहिल्या फेरीतच एका अडथळ्याशी तो बिचकला आणि स्वार खाली आला. घोड्याला काही खायला घातलं असावं, अशी कुजबुज पुष्कळ दिवस चालली. सिद्ध काहीच झालं नाही. घोड्याला एनट्री मुळात आवडत नव्हतं, हा खुलासा जास्त पटतो.

त्याच सुमारास समुद्रापलीकडून एक नवं खूळ आलं. आयर्लंडने १९३० मध्ये इस्पितळांच्या मदतीसाठी घोड्यांच्या शर्यतीवर आधारलेली सोडत कायदेशीर केली. डब्लिनमध्ये भलंमोठं पिंप फिरायचं आणि परिचारिकेच्या पोशाखातल्या मुली तिकिटं काढायच्या. तिकिटाला घोडा लागायचा, आणि तो घोडा जिंकला तर मोठं घबाड. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत ही तिकिटं विकणं बेकायदा होतं, तरी खलाशांच्या सामानातून आणि टपालाने ती लाखोंनी गेली. १९३१ च्या नॅशनलमध्ये ग्रॅकल जिंकला तेव्हा लंडनच्या बॅटरसी भागात छोटं उपाहारगृह चालवणाऱ्या इमिलिओ स्काला या इटालियन माणसाच्या नावावर साडेतीन लाख पौंडांहून जास्त रक्कम निघाली. आजच्या मोजमापात ती कोट्यवधी पौंडांच्या घरात जाईल. मग नातेवाईक आणि भागीदार म्हणवणाऱ्यांची रांग लागली, हे वेगळं सांगायला नको. ब्रिटिश सरकारने १९३४ च्या कायद्याने या तिकिटांवर निर्बंध घातले. ऑफिसात आणि पबमध्ये टोपीत चिठ्ठ्या टाकून घोडे वाटून घ्यायची घरगुती सोडत मात्र कुणाला आवरता आली नाही.

शेवटी कायदा नमला. १९६० च्या नॅशनलचं बीबीसीने पहिल्यांदा दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण केलं आणि १ मे १९६१ पासून पैजेची दुकानं अधिकृत झाली. सरकारला ती हवी होती, पण गोड वाटायला नको होती. म्हणून आतलं काही बाहेरून दिसू द्यायचं नाही, दूरचित्रवाणी नाही, चहा नाही, रेंगाळायची सोय नाही. आत जा, पैसे ठेवा, बाहेर पडा. दूरचित्रवाणी आणि चहावरची बंदी १९८६ पर्यंत टिकली. घड्याळाच्या पिशव्या त्याआधीच अडगळीत गेल्या होत्या.

नव्या दुकानांना नॅशनलचा खरा हिसका बसला तो ८ एप्रिल १९६७ रोजी. दुसऱ्या फेरीत तेविसाव्या अडथळ्यापाशी पॉपम डाउन नावाचा स्वार नसलेला घोडा आडवा धावला. हा अडथळा मैदानावरच्या सगळ्यात सोप्यांपैकी. पुढचे घोडे थबकले, मागचे त्यांच्यावर आदळले, जॉकी कुंपणापलीकडे फेकले गेले, काही घोडे उलट्या दिशेने पळत सुटले. फॉइनावन इतका मागे पडला होता, की तो पोचेपर्यंत गर्दीत एक फट दिसू लागली होती. जॉन बकिंगहॅमने त्या फटीतून त्याला काढलं आणि मोकळ्या मैदानात एकट्याने दौडवत नेलं. वरातीमागून आलेलं घोडं इथे नवरदेव ठरलं. मालक मैदानावर नव्हताच. ट्रेनर जॉन केम्प्टन तर वूस्टरला दुसऱ्या घोड्यावर स्वार होऊन तिथली शर्यत जिंकत होता. फेवरिट हनी एंड कसाबसा गर्दीतून निघून दुसरा आला.

भावाचं गणित इथे मजेदार झालं. बुकींनी फॉइनावनला एकास शंभर भाव दिला होता. टोटवर मात्र भाव कुणी ठरवत नाही. जमा झालेल्या सगळ्या पैशांतून कापणी काढून उरलेली रक्कम जिंकलेल्या तिकिटांत वाटली जाते. फॉइनावनवर इतक्या थोड्या लोकांनी तिकीट घेतलं होतं, की टोटने एका पौंडामागे ४४४ पौंड दिले. त्याच घोड्यावर, त्याच दुपारी, बुकीकडे गेलेल्याला त्याच्या एक चतुर्थांशाहूनही कमी मिळालं.

सत्तरच्या दशकात एनट्रीचं मैदान विकलं जाऊन तिथे घरं उठतील अशी वेळ आली, तेव्हा १९७५ अखेर शर्यत चालवायचा करार पुढे केला तो लॅडब्रोक्स या बुकींच्या कंपनीने. पुढची सात वर्षं नॅशनल त्यांनीच भरवली. ज्यांना कधीकाळी पोलीस पकडून नेत, त्यांनीच ब्रिटनची सगळ्यात लाडकी शर्यत जगवली, आणि रेड रम १९७७ मध्ये तिसऱ्यांदा जिंकला तो त्यांच्याच कारकिर्दीत.

फसगतही झाली. १९९३ मध्ये दुसऱ्यांदा चुकीची सुरुवात झाल्यावर परत बोलावणारं निशाण पुरेसं दिसलं नाही आणि तीस घोडे धावत सुटले. एशा नेस पहिला आला, पण शर्यतच रद्द झाली आणि बुकींना अंदाजे साडेसात कोटी पौंडांच्या पैजा परत कराव्या लागल्या. २०२० मध्ये साथीमुळे मैदानच बंद होतं. मग संगणकावर तयार केलेली शर्यत दूरचित्रवाणीवर दाखवली आणि लोकांनी न धावलेल्या घोड्यांवरही पैसे लावले. पैजेला दहा पौंडांची मर्यादा होती, आणि बुकींनी झालेला २६ लाख पौंडांचा नफा सार्वजनिक आरोग्य सेवेच्या धर्मादाय निधीला दिला.

घोडे मरतात, हा आक्षेप वाढत गेला तसे २०१३ मध्ये अडथळ्यांमधले लाकडी गाभे काढून लवचिक प्लॅस्टिकचे बसवले आणि २०२४ मध्ये घोड्यांची संख्या चाळीसवरून चौतीसवर आणली. त्या वर्षी एकही घोडा पडला नाही, आणि जिंकला तो सातच्या भावाचा संयुक्त फेवरिट आय ॲम मॅक्सिमस. आता जुन्या नॅशनलची गंमत संपली, असं पंटर म्हणू लागले. २०२५ मध्ये त्याच आय ॲम मॅक्सिमसला मागे टाकून निक रॉकेट जिंकला. भाव एकास तेहेतीस, आणि पाठीवर ट्रेनरचा मुलगा, हौशी स्वार पॅट्रिक मलिन्स.